झाकली गाडी

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण ज्याने काढली, त्याने पावसाळ्यात गाडी झाकून ठेवलेली नसावी. मी ती दोनदा ठेवली. एकदा १९८१ साली, घरची बैलगाडी. आणि एकदा गेल्या वर्षी, भाच्याची मोटार. मधली कितीतरी वर्षे मी शाळेत पोरांकडून 'पुढच्यास ठेच, मागचा शहाणा' ही म्हण अर्थासह लिहून घेत होतो. पुढचाही आपणच आणि मागचाही आपणच असलो तर काय, हा प्रश्न एकाही पोराने विचारला नाही. विचारला असता तर त्याला मी बाकावर उभे केले असते.

भाचा भोसरीला एका कारखान्यात आहे. हाताचा मोठा कसबी. त्याने एक जुनी, बारा माणसांची टेम्पो-गाडी विकत घेतली, आतली बाके उपटून काढली आणि दोन वर्षे प्रत्येक सुट्टीला खपून तिचे घर केले. झोपायला दोन फळ्या, फळ्यांखाली कप्पे, एक शेगडी, पाण्याची टाकी, छपराला वारा ओढणारा पंखा आणि मागच्या दाराशी दोन बुटक्या पायऱ्या. सरकारी कचेरीत हेलपाटे घालून रीतसर नोंदही करून घेतली. याला कॅरॅव्हॅन म्हणतात. आपल्या राज्य सरकारने २०२१ साली अशा गाड्यांतून हिंडणाऱ्या प्रवाशांसाठी एक धोरण काढले, तेव्हा वर्तमानपत्रात वाचून मी 'श्रीमंतांची खुळे!' म्हणून पान उलटले होते. आपल्याच घरात हे खूळ निघेल असे वाटले नव्हते. पण भाच्याला समुद्रकाठी जाऊन राहायचे नव्हते. त्याला आईला पंढरपूरला न्यायचे होते.

त्याची आई म्हणजे माझी आक्का. माझ्याहून दोन वर्षांनी मोठी. तिने किती वाऱ्या पायी केल्या ते तिलाच ठाऊक. पुढे गुडघे गेले, आणि गुडघ्यांबरोबर वारी गेली. घरातली माणसे तिला गाडीने पंढरपूरला नेऊन दर्शन घडवून आणीत. पण ते तिला पटत नसे. "दर्शन काय, पोस्टातून पण येतं," असे म्हणे. तिला वाट हवी होती. मुक्कामावरचा चिखल, अवेळी उठणे, तंबूत शेजारणीचा खोकला, हे सगळे हवे होते. आषाढ लागला की ती कोणाशी धड बोलेनाशी होई. म्हणून हे चाकावरचे घर. ते दिंडीच्या गाड्यांबरोबर जाणार, मुक्कामावर उभे राहणार, आणि आक्का त्यात बसून, निजून, जमेल तेथे चार पावले चालून पंढरपूर गाठणार. आक्काने गाडीचे नाव 'घरगाडी' ठेवले. मलाही तेच सोपे पडते.

गेल्या वर्षी आषाढात ही घरगाडी पंढरपूरला जाऊन आली आणि भोसरीला जागा नाही म्हणून पावसाळाभर माझ्या अंगणात येऊन उभी राहिली.

आमचे ओतूर कल्याणहून माळशेज घाट चढून नगरकडे (आता अहिल्यानगर म्हणायचे) जाणाऱ्या महामार्गावर आहे. पश्चिमेला घाटात आभाळ फाटलेले असते. त्याच वेळी तालुक्याच्या पूर्वेला अण्याच्या पठारावर लोक कपाळावर हात ठेवून ढग शोधीत असतात. आम्ही मधले. आम्हाला घाटातला धो-धो पाऊस मिळत नाही; त्याची भुरभुर मिळते, आणि ती चार-चार दिवस थांबत नाही. जोराचा पाऊस छपरावरून ओघळून जातो. भुरभुर मात्र चोरासारखी फट शोधीत बसते.

भाच्याने जाताना गाडीसाठी जाड कापडाची, मापात शिवलेली खोळ दिली होती. "मामा, हिच्यातून वारा जातो. वर दुसरं काही घालू नका," असे त्याने दोनदा सांगितले. मी दोनदा मान हलवली. मग श्रावणातल्या एका रात्री भुरभुर लागली. मी अंथरुणात पडल्या-पडल्या पत्र्यावरचा आवाज ऐकत होतो, आणि डोळ्यांसमोर आक्काची फळीवरची गादी येत होती. कापडातून वारा जातो, मग पाणी का जाणार नाही? हा विचार काही केल्या जाईना. सकाळी उठून मी कांद्यासाठी आणलेला काळा प्लॅस्टिकचा मोठा कागद काढला, खोळीवरून घातला, चारी बाजूंनी खाली ओढला आणि सुतळीने चाकांना आवळून बांधला. आठ गाठी मारल्या. गाठी उत्तम होत्या, हे आजही म्हणेन.

यात लाज वाटावी अशी गोष्ट पुढेच आहे. ज्या कागदाने मी गाडी आवळली, तो कांद्याचा होता, आणि कांदा असा आवळून ठेवायचा नसतो हे ओतूरचे शेंबडे पोरही सांगेल. आमच्याकडे कांद्याचा मोठा बाजार भरतो. घरोघर कांद्याची चाळ असते. चाळीचा तळ जमिनीपासून वर उचललेला, खालून वारा यावा म्हणून फटी, बाजूंना पट्ट्या किंवा जाळी, वर छप्पर, आणि चाळ मुद्दाम अरुंद, म्हणजे मधल्या कांद्यालाही वारा लागावा. उन्हाळी कांदा अशा चाळीत चार-पाच महिने राहतो. तोच बंद खोलीत रचला तर पंधरा दिवसांत नाकाला रुमाल. चाळीच्या कुडाला कागद लावतात तोही पाऊस तिरका येतो त्या अंगाला आणि तेवढ्यापुरता. हे सगळे मला ठाऊक होते. फक्त ते कांद्याविषयी ठाऊक होते. ज्ञान हे असे खणाखणांत ठेवलेले असते. एका खणातले दुसऱ्यात जात नाही.

खंडेनवमीला हत्यारांची आणि गाड्यांची पूजा करायची म्हणून मी आठ गाठी सोडल्या. कागद काढला, खोळ काढली, मागचे दार उघडले. आतून एक वास आला.

वासाला तारीख असते. तो वास मला १९८१ सालच्या खंडेनवमीला आला होता, याच अंगणात. मी तेथेच पायरीवर बसलो. गाडीत काय झाले आहे ते पाहायला आत जायला मला थोडा वेळ लागला.

आता त्या पहिल्या गाडीविषयी सांगितले पाहिजे.

आमच्या जुन्नर तालुक्याला तांड्यांचे अप्रूप नाही. सातवाहनांच्या काळापासून कोकणातला माल नाणेघाटाने वर येत होता. राणी नागनिकेचा लेख तेथल्या लेण्यात ब्राह्मी अक्षरांत कोरलेला आहे, आणि जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून घाटमाथ्यावर बसून आहे. तो चढ चाकांचा नव्हे, पाठीवर ओझे वाहणाऱ्या जनावरांचा. पण असे तांडे पावसाळ्यात थांबत. व्यापाऱ्याला आपल्या मालाचा जीव प्यारा. वारकऱ्याचे उलटे. सगळे जग चार महिने घर धरून बसते तेव्हा तो बाहेर पडतो. ओतूरला तुकोबारायांचे गुरू बाबाजी चैतन्य यांची समाधी आहे, तेव्हा वारीचे वेड गावाच्या मातीतच म्हणायचे. आमच्या आळीतली माणसे आळंदीला जाऊन माउलींच्या पालखीबरोबर चालत. त्यांचे पीठमीठ, भांडी, वाकळा आणि म्हातारी माणसे वाहायला मागून बैलगाड्या असत. त्यांतली एक दादांची.

दादा म्हणजे आमचे वडील. मी पहिल्यांदा त्यांच्या गाडीबरोबर गेलो तो १९६२ साली. पानशेत फुटले त्याच्या पुढच्या वर्षी. आक्काही होती.

गाडीची तयारी ज्येष्ठातच सुरू होई. उन्हाळ्यात बाभळीचे लाकूड आक्रसते, चाकावरची लोखंडी धाव सैल पडते आणि चालताना खुळखुळते. दादा चाके काढून मांडवीच्या डोहात भिजत घालीत. लाकूड फुगे आणि धाव घट्ट बसे. त्यावर नजर ठेवायला मला कपर्दिकेश्वराच्या देवळाखालच्या काठावर बसवीत. बुडवलेले चाक कोण चोरणार, असे मला वाटे. पण काठावर बसायला मिळे म्हणून मी ते बोलून दाखवीत नसे. त्या वर्षी मात्र धाव नुसत्या भिजवण्याने बसेना. मग लोहाराकडे. लोहाराने ती कापून, जोडून, चाकाच्या घेराहून थोडी लहान केली. जमिनीवर गोवऱ्यांचे कडे रचून त्यात ती लालबुंद तापवली. तापून लोखंड वाढले, तसे चौघांनी सांडशांनी धरून ते चाकावर बसवले आणि घागरी ओतल्या. वाफेचा लोट उठला, लाकूड करकरले, आणि आरे आपापल्या भोकांत असे गच्च बसले की त्यावर कोणी टिचकी मारली तर घंटेसारखा आवाज यावा.

साट्याला आणि तुंब्याला दादा बिब्ब्याचे तेल लावीत. वाळवी लागत नाही. पण बिब्बा लावणाऱ्याला सोडीत नाही. त्यांचे हात दरवर्षी उतत आणि आई दरवर्षी त्यावर खोबरेल चोळता-चोळता त्याच शिव्या देई.

गाडीवर कामट्यांची कमान, कमानीवर तट्ट्या आणि तट्ट्यांवर दोन घोंगड्या एकीवर एक. घोंगडी भिजली की लोकर फुगते आणि पाणी केसांवरून उतरत खाली जाते. मागची बाजू उघडी. ती झाकू नये म्हणून आई-दादांचे एकदा वाजलेही होते. आईला पीठ भिजण्याची काळजी. दादा म्हणाले, "पीठ वरून भिजत न्हाई, खालून भिजतं." त्यांनी साट्यावर आधी बांबूच्या काठ्या आडव्या टाकल्या, त्यावर वाळले पाचट, आणि त्यावर पोती. पोती बाजूंनाही टेकू दिली नाहीत. "पाणी पाहुण्यागत हाय. आलं तर येऊ द्यावं. जायची वाट मोडू नये."

वाल्ह्याच्या मुक्कामी रात्रभर पाऊस झाला. आम्ही दोघे पोत्यांच्या कडेला निजलो होतो. दादांनी बजावले होते की घोंगडीला आतून बोट लावायचे नाही. जेथे बोट लागेल तेथून पाणी आत उतरू लागते. आक्काला हे खरे वाटेना. तिने अंधारात बोट लावून पाहिले. एक थेंब आला. मग दुसरा. मग ते थांबेचना. दादांनी कंदील वर करून पाहिले, काही बोलले नाहीत, आक्काला उचलून बरोबर त्या थेंबाखाली बसवले आणि तिच्या हातात तांब्या दिला. ती पहाटेपर्यंत तांब्या धरून बसली होती. पीठ कोरडे राहिले.

रस्त्याची मात्र गंमत नव्हती. दिवे घाटात जादा बैल जुंपायचे, चार-चार कासऱ्यांवर चाकामागे उटीचा दगड टाकून जनावरांना दम खाऊ द्यायचा. दगड टाकायचे काम पोरांचे. चाक मागे सरायच्या आत दगड पडला पाहिजे आणि दगडाखाली बोट राहता कामा नये. नीरा ओलांडली की काळी माती. पुढच्या शंभर गाड्यांनी पाडलेली चाकोरी पाण्याने भरलेली. तिच्यात चाक घातले तर आखापर्यंत रुते. बाहेर घातले तर घसरून शेवटी तिच्यातच पडे. चाकोरीबाहेर जा, असा उपदेश करणारी पुष्कळ व्याख्याने मी पुढे शाळेत ऐकली, एक-दोन स्वतः दिलीही. व्याख्यात्यांपैकी कोणी पावसात गाडी हाकलेली नसते. दादा एक चाक चाकोरीच्या मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे बाहेर, असे ठेवून नेत. गाडी जरा कलती चाले, पण चाले.

मुक्काम पडला की बैलांना वैरण, आणि लगेच वंगण. आपण जेवायचे मागून. गाडीखाली बांबूच्या नळकांड्यात एरंडेल आणि त्यात बुडवलेली चिंधी असे. दादा टेकू देऊन चाक उचलीत, आखाच्या टोकाची खीळ काढून चाक बाहेर ओढीत आणि आधी जुने वंगण चिंधीने पुसून काढीत. शेजारचे गाडीवान वरूनच नवे तेल ओतून मोकळे होत. त्यांना हसत दादा मला म्हणाले होते, "जुन्यात दिवसभराची वाळू हाय. त्यावर नवं घातलं म्हंजे वंगण न्हवं, कानस झाली." लोणंदपुढे त्यांतल्या एकाचा आख झिजून चाक निखळले. त्याचे सामान आमच्या गाडीवर आले आणि आम्ही पोरे पायी चाललो.

ती गाडी अशी बऱ्याच वाऱ्या करून आली. दर सालचा पाऊस तिने अंगावर घेतला. कधी कुजली नाही.

१९८१ च्या वैशाखात दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. म्हणजे आवाज होता, शब्द नव्हते. एखादे अक्षर फुटे आणि तेथेच अडके. बैल विकावे लागले. गाडी अंगणात उभी राहिली. दादांची खाट पडवीत होती, तेथून ती समोर दिसे. मी शाळेतून आलो की त्यांच्याजवळ बसे. वारी त्या वर्षी आमच्याशिवाय निघाली.

मला गाडीसाठी काहीतरी करावेसे वाटले. बिब्ब्याचे तेल लावणारे हात खाटेवर पडले होते. मला ते जमले नसते असे नाही. पण प्लॅस्टिकचा कागद तेव्हा नुकता आमच्या बाजूला मिळू लागला होता आणि मला तो फार शास्त्रीय वाटला. घोंगडी शेवटी भिजतेच. हा भिजतच नाही! नारायणगावहून पदरचे पैसे घालून मी तो आणला, गाडी सबंध गुंडाळली, साट्याखालूनही घेतला आणि दोरीने आवळली. काम झाल्यावर दादांकडे पाहून हसलो. त्यांनी डावा हात उचलला आणि म्हणाले, "उघडं... उघडं..."

मला वाटले, अंगावरचे पांघरूण सरकले आहे, उघडे पडल्यासारखे वाटते आहे. मी वाकळ गळ्यापर्यंत ओढली आणि कडेने खोचली.

श्रावणात, भाद्रपदात ते पुष्कळदा तसे म्हणत. हात उचलीत, डोळे मोठे करीत, "उघडं..." पाऊस असे, गारठा असे. मी वाकळेवर घोंगडी घाली. एकदा तर त्यांना घाम आला होता तरी मी घातली. डॉक्टर सांगून गेले होते की थंडी बाधू देऊ नका. ते दमून डोळे मिटीत. मी समाधानाने दिवा बारीक करी.

खंडेनवमीला मी दोरी सोडली. कागदाच्या आतल्या बाजूला घामासारखे थेंब होते. खाली ओल, वर ऊन. दिवसा वाफ उठे, रात्री तीच पाणी होऊन लाकडावर पडे. बाहेर जायला वाट नाही. चार महिने गाडी आपल्याच घामात उभी होती. साट्यावर पांढरी बुरशी चढली होती. मी चाकाला हात लावला तर बाभळीचे लाकूड बोटाखाली भाकरीसारखे मोडले. वाळवी आरपार गेली होती. बिब्ब्याचा हात गेल्या सालापासून फिरला नव्हता.

मी मागे वळून पाहिले. दादा खाटेवरून पाहत होते. त्यांनी या वेळी काही म्हटले नाही. डाव्या हाताने जवळ ये अशी खूण केली. मी तुंब्याचा निघालेला एक ढलपा हातात घेऊनच गेलो होतो. त्यांनी तो घेतला, चेहऱ्याजवळ नेला, वास घेतला आणि उशाला ठेवून दिला.

माघात ते गेले. ही गोष्ट मी कोणाला सांगितली नाही. सांगण्यासारखी नव्हती.

तर तोच वास गेल्या वर्षी घरगाडीच्या दारातून आला. गादीवर बुरशी, फळ्यांचे पदर सुटून फुगलेले, दिव्यांच्या तारांच्या टोकांना हिरवा गंज. आणि उंदरांना इतकी आडोशाची जागा कोठे मिळणार? त्यांनी काही तारा खाल्ल्या होत्या. छपरावरच्या पंख्याच्या कडेला भरलेले रबरी लुकण उन्हाने तडकून तेथून थोडे पाणी आत आले होते हेही खरे. पण ते ओंजळभर पाणी उघड्यावर दोन दिवसांत वाळले असते. माझ्या आठ गाठींनी ते दोन महिने जपून ठेवले.

मी भाच्याला फोन केला. तो रविवारी आला, आत शिरून बाहेर आला, काळ्या कागदाकडे पाहिले आणि काही बोलला नाही. शिव्या दिल्या असत्या तर मला बरे वाटले असते. मी म्हटले, "चूक माझी. फळ्यांचा खर्च माझा." तो म्हणाला, "खर्चाचं काय, मामा. आई विचारील तेव्हा काय सांगायचं?" आक्काचे वय झालेले. पुढच्या आषाढाला गाडी उभी राहिली नाही तर त्याच्या पुढच्या आषाढाचा भरवसा कोणी द्यायचा, हे त्याच्या मनात होते आणि माझ्याही.

दिवाळीपासून मार्गशीर्षापर्यंत आम्ही ती गाडी नुसती वाळवली. दारे-खिडक्या सताड उघड्या, गादी टाकून दिली, फळ्या काढून उन्हात. कोंबड्यांनी आत घर केले. त्यांना हाकलायचे काम माझे. मग त्याने नवे सामान बसवले. आता झोपायच्या फळ्यांना तळाशी रुपयाएवढी भोके आहेत आणि गादी पट्ट्यांवर आहे, साट्यावरच्या काठ्यांसारखी. पंख्याभोवती लुकण भरताना मी म्हटले, तडा गेला तेवढ्यावर नवे थापावे. तो म्हणाला, "नाही मामा, जुनं पुरं खरवडल्याशिवाय नवं धरत नाही." मी गप्प झालो. त्याने चाकांची बेअरिंगे उघडली, तेव्हा तर मी घरातून खुर्ची आणून समोर बसलो. जुने ग्रीस रॉकेलने धुऊन, फडक्याने कोरडे पुसून त्याने नवे दाबून भरले. दादा गेले तेव्हा त्याने नुकती शाळा धरली होती. हे त्याला कोणी शिकवले?

रस्त्याचे म्हणाल तर आता काळी माती नाही, डांबर आणि सिमेंट आहे. चाकोरीची जागा खड्ड्यांनी आणि गतिरोधकांनी घेतली आहे. खडी उडून पोटाखालच्या नळ्यांना लागते म्हणून चाकांमागे रबरी पडदे लावले. सगळे जड सामान तळाला, आखाच्या आसपास. मागच्या टोकाला काही नाही. पाण्याची टाकी वाटेत अर्धी भरायची नाही, कारण अर्धे पाणी डचमळते आणि वळणावर गाडी ओढते. पूर्ण भरा नाहीतर रिकामी ठेवा. आणि टायर: झीज दिसत नाही म्हणून चांगला समजू नये, उभ्या गाडीचा टायर उन्हाने कडेला चिरतो. त्याने दोन बदलले. त्यांचे पैसे मी दिले. त्याने घेतले, ही त्याची माया.

यंदा आषाढी वारीला घरगाडी दिंडीच्या गाड्यांबरोबर निघाली. मीही निघालो. आक्का खिडकीशी बसून होती आणि दिवसभर बाहेर पाहून ओळखीच्या नसलेल्या माणसांनाही हात करीत होती. मुक्कामावर दिंडीतल्या बाया पायऱ्या चढून येत, गरम पाणी मागत, गुडघ्यांची तुलना करीत. एक तापाने फणफणलेली पोर दोन रात्री आक्काच्या फळीवर निजली आणि आक्का खाली. तिच्या मुलाला ते आवडले नाही. तिला फार आवडले.

वाल्ह्याला पाऊस लागला. भाचा तंबूत निजला होता, आम्ही दोघे म्हातारे गाडीत. दिवा मालवला. छपरावर पाऊस चांगला वाजत होता. का कोण जाणे, मी तिला दादांची गोष्ट सांगितली. कागदाची, वाकळेची, "उघडं"ची. सगळी.

ती बराच वेळ बोलली नाही. मला वाटले, झोप लागली. मग म्हणाली, "मी पंचमीला माहेरी आले होते ना तेव्हा. मलाही तसंच म्हणाले. दोनदा."

"मग?"

"मग काय. मीही वाकळच घातली. वर म्हटलं, हा मास्तर बापाला उघडा टाकून शाळेत जातो."

अंधारात फळी करकरली. ती उठून बसली होती. मला तिचा हात दिसत नव्हता, पण छपराच्या आतल्या अंगावरून नख फिरल्याचा आवाज आला. ती बोट लावून पाहत होती. एका जागी, मग जरा पुढे, मग पंख्याच्या कडेने.

"गळत नाही," ती म्हणाली. "खिडकी मात्र दोन बोटं उघडी ठेव. कोंदट होतंय."

घरगाडी आता पुन्हा माझ्या अंगणात आहे. चाळीच्या शेजारी चार खांबांवर पत्रा टाकून, चारी बाजू मोकळ्या ठेवून तिच्यासाठी मांडव केला आहे. टायर फळ्यांवर आहेत. दर पंधरवड्याला मी तिला हातभर पुढे-मागे करवतो, म्हणजे टायर एकाच जागी बसत नाहीत. खिडक्यांच्या फटीला उंदरांसाठी जाळी. भाद्रपदातली भुरभुर चालू आहे आणि रात्री पत्र्यावर तिचा आवाज येतो. काळा कागद मी शेजाऱ्याला देऊन टाकला. मध्यंतरी मांजरीने गाडीखाली तीन पिल्ले घातली. भाच्याला फोन करून विचारले, चालेल का? तो म्हणाला, "चालेल. झाकू नका म्हणजे झालं."